मॉड्युलर सिंथवर पॅच कसा करायचा: पहिल्या केबलपासून सुरुवात

मॉड्युलर सिंथ म्हणजे सुटी मॉड्युल्स केबलने जोडून आवाज बनवायचं वाद्य, आणि ती जोडणी म्हणजे पॅच. असा सिंथ पहिल्यांदा बघितला की नजर जाते ती केबल्सच्या जंजाळावर आणि बहुतेकांना वाटतं की यात ढीगभर गोष्टी पाठ कराव्या लागणार. तसं अजिबात नाहीये. डोक्यात पक्की बसवायची गोष्ट एकच, त्या प्रत्येक केबलमधून फक्त व्होल्टेज जातं. आवाज म्हणजे व्होल्टेज, कुठला सूर वाजवायचा तो हुकूम म्हणजे पण व्होल्टेजच, आणि "आता सुरू हो" ही खूण पण व्होल्टेजच. आत आलेलं व्होल्टेज आवाज म्हणून आलंय की हुकूम म्हणून हे जॅकला कळत नाही, ते तुम्ही ठरवता, केबल कुठे लावली त्यावरून. म्हणून या लेखात मी मॉड्युल्सची यादी देत बसणार नाहीये, एक साधा पॅच शून्यापासून उभा करूया आणि प्रत्येक केबल लावल्यावर कानाला काय फरक पडतो ते ऐकूया.

आधी तयारीचं बोलू. हार्डवेअर नसेल तरी काही अडत नाही. व्हीसीव्ही रॅक नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याची मूळ आवृत्ती फुकट आणि ओपन सोर्स आहे, कॉम्प्युटरवर चालतं आणि खाली लिहिलेलं जवळपास सगळं त्यात करता येतं. त्यात एक स्कोप मॉड्युल येतं ज्यात व्होल्टेजचा आकार डोळ्यांनी दिसतो, शिकणाऱ्याने ते सतत उघडं ठेवावं असं माझं ठाम मत आहे कारण कानाला जे अर्धवट कळतं ते डोळ्याला लगेच कळतं. हार्डवेअर असेल तर आजकाल ते बहुतेक युरोरॅकच असणार, नव्वदच्या दशकाच्या मध्यात जर्मनीतल्या डोप्फर कंपनीने ए-१०० सिस्टिम आणली तिथून हा फॉरमॅट सुरू झाला. यात ३.५ मिलिमीटरचे मोनो जॅक असतात आणि मॉड्युल्स प्लस आणि मायनस १२ व्होल्टवर चालतात.

पहिल्या सहा पायऱ्यांसाठी एवढं लागेल: सूर तयार करणारा एक ऑसिलेटर म्हणजे व्हीसीओ, आवाजातला काही भाग कापणारा एक फिल्टर म्हणजे व्हीसीएफ, आवाज कमीजास्त करणारे दोन व्हीसीए, व्होल्टेजला चढउताराचा आकार देणारा एक एन्व्हलप, सावकाश झोके घेणारा ऑसिलेटर म्हणजे एक एलएफओ, सूर आणि गेट (म्हणजे वाजायची खूण) देणारा कीबोर्ड किंवा सूर आपोआप ओळीने वाजवणारा सीक्वेन्सर, आणि आवाज बाहेर काढायला एक आउटपुट मॉड्युल. शिवाय दोन-तीन अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारे नॉब. हे शेवटचं लोक विसरतात आणि मग म्हणतात की सिंथ नुसता किंचाळतो.

सुरू करण्याआधी दोन सावधगिरीच्या गोष्टी. समोरच्या बाजूच्या पॅच केबल्स सिंथ चालू असताना बिनधास्त काढा-घाला, त्यासाठीच त्या आहेत. पण मॉड्युलच्या मागची पॉवरची रिबन केबल मात्र सिंथ बंद करून, प्लग काढूनच लावायची, आणि तिची लाल रेघ मायनस १२ व्होल्टच्या बाजूला येते का ते दोनदा बघायचं कारण उलटी लागली तर मॉड्युल जळू शकतं. दुसरी गोष्ट कानांची. युरोरॅकचा आवाजाचा सिग्नल साधारण मायनस ५ ते प्लस ५ व्होल्ट असतो म्हणजे टोकापासून टोकापर्यंत १० व्होल्ट, आणि घरगुती ऑडिओ उपकरणांची लाइन लेव्हल असते जेमतेम १ व्होल्टच्या आसपास. म्हणजे दहापट फरक! म्हणून हेडफोन थेट मॉड्युलच्या जॅकला कधीच लावू नका, मध्ये लेव्हल खाली आणणारं आउटपुट मॉड्युल हवं, ते नसेल तर निदान व्हीसीए नाहीतर अटेन्युएटरने सिग्नल खूप कमी करून तो मिक्सरच्या नाहीतर ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्या, आणि सुरुवात नेहमी आवाज शून्यावर ठेवून करा.

पहिली पायरी, नुसता सूर

व्हीसीओच्या आउटपुटमधून एक केबल थेट आउटपुट मॉड्युलला लावा आणि आवाज हळूहळू वाढवा. एकच सूर सलग वाजत राहील, थांबणार नाही. ऑसिलेटर हा सिंथ चालू असेपर्यंत वाजतच असतो, कीबोर्डची पट्टी दाबली म्हणून तो "सुरू" होत नाही, हे नव्या माणसाला सगळ्यात विचित्र वाटतं पण मॉड्युलरमध्ये सगळं यावरच उभं आहे. सूर सतत वाजतोय आणि आपण पुढे त्याच्या वाटेवर दारं बसवणार आहोत.

आता तीच केबल साइन, ट्रायँगल, सॉ, स्क्वेअर अशा लहरीच्या वेगवेगळ्या आकारांच्या आउटपुटला लावून बघा. साइन अगदी गुळगुळीत, सॉ सगळ्यात भरगच्च. पुढच्या पायरीसाठी सॉ ठेवा कारण फिल्टरला कापायला आत काहीतरी मटेरियल लागतं आणि साइनमध्ये मूळ सूर सोडून कापण्यासारखं काही नसतंच.

इथेच थोडं रेंगाळा आणि एक प्रयोग करा. एलएफओचा सॉ आउटपुट घ्या आणि तो थेट ऐका. स्पीड कमी असेल तर टक टक टक असं ऐकू येईल, स्पीड वाढवत न्या, सेकंदाला साधारण २० च्या पुढे गेलं की ती टकटक एकमेकांत मिसळून जाड सूर होतो. म्हणजे एलएफओ आणि व्हीसीओ यांच्यात जातीचा फरक नाही, फक्त वेगाचा आहे. जो सिग्नल सावकाश असताना हुकूम म्हणून वापरता तोच वेगात असताना आवाज म्हणून ऐकता येतो, वर जे म्हटलं की जॅकला काही कळत नाही ते हेच.

दुसरी पायरी, फिल्टर

केबल आउटपुट मॉड्युलमधून काढा आणि फिल्टरच्या ऑडिओ इनपुटला लावा, फिल्टरचा लो-पास (खालचे सूर जाऊ देणारा, वरचे कापणारा) आउटपुट आउटपुट मॉड्युलला. कटऑफचा, म्हणजे कुठून कापायचं ते ठरवणारा नॉब फिरवा, आवाज बंद खोलीतून आल्यासारखा होतो आणि परत उघडतो. रेझोनन्स वाढवला की कटऑफच्या आसपासचा भाग टोकदार होतो, आणि बऱ्याच फिल्टरमध्ये रेझोनन्स पूर्ण वाढवला की फिल्टर स्वतःच शिटी वाजवायला लागतो, म्हणजे इनपुटला काही न लावता एक जास्तीचा ऑसिलेटर मिळाला. त्याच्या जरा अलीकडे रेझोनन्स थांबवून ऑडिओ इनपुटमध्ये नुसता ट्रिगर, म्हणजे व्होल्टेजचा क्षणभराचा ठोका, सोडला तर "टुंग" असा ड्रमसारखा आवाज येतो, हे जरूर करून बघा, एक केबल आणि एक फिल्टर एवढ्यात तालवाद्य तयार.

तिसरी पायरी, व्हीसीए

आता फिल्टरचा आउटपुट व्हीसीएमध्ये आणि व्हीसीएचा आउटपुट बाहेर. केबल लावल्या लावल्या आवाज बंद पडेल आणि इथे घाबरायचं नाही. व्हीसीए म्हणजे व्होल्टेजवर चालणारा नळ, त्याच्या सीव्ही (म्हणजे हुकूमाचं व्होल्टेज) इनपुटला व्होल्टेज मिळत नाही तोवर तो बंद. काही व्हीसीएंना बायस किंवा ऑफसेट नावाचा नॉब असतो तो वाढवला की नळ हाताने उघडतो, तपासून झालं की परत शून्यावर आणा.

व्हीसीए दोन प्रकारचे मिळतात, लिनिअर आणि एक्स्पोनेन्शिअल, काहींवर स्विच असतो. कानाला आवाजाचा चढउतार एक्स्पोनेन्शिअलमध्ये जास्त नैसर्गिक वाटतो, आणि हुकूमाचं व्होल्टेज कमीजास्त करायचं असेल तर लिनिअर बरा. हो, व्हीसीए आवाजासाठीच असतो असं नाही, त्यातून हुकूमाचं व्होल्टेज पण जातं, फक्त तो व्हीसीए डीसी कपल्ड, म्हणजे स्थिर किंवा सावकाश बदलणारं व्होल्टेज पण जाऊ देणारा, असायला हवा. म्हणूनच वर दोन सांगितले.

चौथी पायरी, गेट आणि एन्व्हलप

कीबोर्डमधून दोन वेगळ्या केबल निघतात हे नीट समजून घ्या. एक सांगते कुठला सूर, दुसरी सांगते कधी आणि किती वेळ. दुसरीला गेट म्हणतात: पट्टी दाबली की व्होल्टेज शून्यावरून उडी मारून वर जातं, साधारण ५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त, आणि सोडली की परत शून्य. ट्रिगर म्हणजे तसाच पण क्षणभराचा ठोका.

गेट थेट व्हीसीएच्या सीव्हीला लावा. आवाज पट्टीबरोबर चालू-बंद होईल, एकदम चौकोनी, कधीकधी सुरुवातीला टक् असा आवाज पण येईल. आता गेट तिथून काढून एन्व्हलपच्या गेट इनपुटला लावा आणि एन्व्हलपचा आउटपुट व्हीसीएच्या सीव्हीला. एन्व्हलप काय करतो, तर गेट आला की व्होल्टेजला एक आकार देऊन सोडतो. अटॅक म्हणजे वर जायला लागणारा वेळ, डिके म्हणजे तिथून सस्टेनच्या पातळीपर्यंत उतरायला लागणारा वेळ, रिलीज म्हणजे पट्टी सोडल्यावर विझायला लागणारा वेळ. सस्टेन हा मात्र वेळ नाही, पातळी आहे, चार नॉबमध्ये हा एकटा वेगळा आणि गोंधळ इथेच होतो. अटॅक शून्य, सस्टेन शून्य आणि डिके छोटा ठेवला की तार छेडल्यासारखा आवाज, अटॅक लांब केला की व्हायोलिनच्या गजाने वाजवल्यासारखा फुगत येणारा.

ही चार मॉड्युल्स झाली की एक पूर्ण व्हॉइस तयार झाला: ऑसिलेटर, फिल्टर, व्हीसीए, आणि वरून हुकूम देणारा एन्व्हलप. जगातल्या कितीतरी जुन्या सिंथमध्ये आतून नेमकं हेच वायरिंग कायमचं जोडलेलं असतं. तुम्ही ते हाताने केलंत, म्हणून तुम्हाला ते तोडता पण येईल.

पाचवी पायरी, सूर

कीबोर्डची दुसरी केबल, म्हणजे पिच सीव्ही, व्हीसीओच्या एक व्होल्ट प्रति ऑक्टेव्ह लिहिलेल्या जॅकला लावा. नियम सोपा आहे, व्होल्टेज १ ने वाढलं की सूर एक सप्तक वर जातो म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट होते. खालचा सा २२० हर्ट्झ असेल तर १ व्होल्ट वाढवल्यावर ४४०, आणखी १ वाढवल्यावर ८८०. सप्तकात बारा सूर, म्हणजे शेजारच्या दोन सुरांमधलं अंतर सुमारे ८३ मिलिव्होल्ट. एवढंसं. म्हणून पिचची केबल ही पॅचमधली सगळ्यात नाजूक केबल समजा, बाकी ठिकाणी अर्धा व्होल्ट इकडेतिकडे झाला तरी खपतं, इथे खपत नाही.

नाजूकपणाचं एक उदाहरण देतो कारण हे प्रत्येकाला कधी ना कधी भोवतं. एकच पिच सीव्ही दोन ऑसिलेटरला द्यायचा म्हणून तुम्ही साधा मल्टिपल घेतला, म्हणजे आत नुसते जॅक एकमेकांना जोडलेले. समजा पाठवणाऱ्याचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा, १ किलो-ओहम आणि प्रत्येक ऑसिलेटरचा इनपुट १०० किलो-ओहम. एकच ऑसिलेटर असताना व्होल्टेजचा शंभरावा हिस्सा वाटेत पडतो, दुसरा जोडला की जवळपास आणखी तेवढाच. वरच्या तिसऱ्या सप्तकात म्हणजे ३ व्होल्टवर ही नवी घट २९ मिलिव्होल्टच्या आसपास जाते, म्हणजे दोन सुरांमधल्या अंतराचा तिसरा हिस्सा, आणि ते कानाला स्पष्ट बेसूर लागतं. खालच्या सुरांना काहीच वाटत नाही, जसजसं वर जाल तसं बिघडत जातं, म्हणून माणूस ऑसिलेटरला दोष देत बसतो. उपाय म्हणजे बफर्ड मल्टिपल, त्यात प्रत्येक आउटपुटला स्वतःचा बफर, म्हणजे व्होल्टेज न घटू देता पुढे पाठवणारं सर्किट, असतो. गेट, क्लॉक (ठरावीक वेगाने पडणारे ठोके), आवाज यांना साधा मल्टिपल किंवा एकावर एक लावता येणारी स्टॅक केबल पुरते, पिचला बफर्ड घ्या.

आणि याच्या उलट कधी करू नका: एक आउटपुट अनेक इनपुटला वाटता येतो, पण दोन आउटपुट मल्टिपलमध्ये टाकून एक करता येत नाहीत. बहुतेक मॉड्युल्सच्या आउटपुटला संरक्षणाचा रेझिस्टर असतो त्यामुळे लगेच काही जळत नाही, पण दोघं एकमेकांना ओढत बसतात आणि मिळतं ते भलतंच. दोन सिग्नल एकत्र हवे असतील तर मिक्सर.

अॅनालॉग ऑसिलेटर तापमानाने सरकतात, सिंथ चालू करून १५-२० मिनिटं थांबा आणि मग ट्यून करा नाहीतर अर्ध्या तासात परत करावं लागेल.

सहावी पायरी, एलएफओ आणि किती हा प्रश्न

इथे पॅचिंगची खरी मजा सुरू होते, आणि इथेच अटेन्युएटर कळतो.

एलएफओचा साइन घ्या आणि व्हीसीओच्या पिचला लावा, म्हणजे सूर थरथरेल अशी अपेक्षा. पण एलएफओ मायनस ५ ते प्लस ५ व्होल्ट देतो, म्हणजे १० व्होल्टचा झोका, आणि १ व्होल्टला एक सप्तक या हिशोबाने तो सूर दहा सप्तकं वरखाली फेकतो. सायरन. छान कंपनाला लागतो त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. म्हणून मध्ये अटेन्युएटर, तो शून्यावर ठेवा आणि हळूच, केसभर उघडा, एलएफओचा वेग सेकंदाला ५-६ ठेवा. आता ते गायकाच्या गळ्यातल्या कंपनाच्या जवळ येईल. बऱ्याच ऑसिलेटरना एफएम नावाचा दुसरा इनपुट आणि त्याच्यासोबत नॉब असतो, तो नॉब म्हणजे अटेन्युएटरच, तर एलएफओ तिथे लावा आणि एक व्होल्टवाला जॅक कीबोर्डसाठी मोकळा ठेवा.

माझं म्हणणं असं की नवीन माणसाने कुठलीही हुकूमाची केबल लावताना तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी: कोण सांगतंय, कोण ऐकतंय, आणि किती. पहिले दोन सगळे विचारतात. तिसऱ्याचं उत्तर अटेन्युएटरमध्ये आहे आणि चांगला पॅच आणि गोंगाट यातला फरक बहुतेक वेळा तिथेच असतो.

अटेन्युव्हर्टर म्हणजे अटेन्युएटरच पण नॉब मध्यावर असताना शून्य, उजवीकडे सरळ सिग्नल आणि डावीकडे उलटा. एन्व्हलप फिल्टरला उलटा लावला की सूर वाजताना फिल्टर मिटतो आणि नंतर उघडतो, ऐकून बघा. ऑफसेट म्हणजे सिग्नलमध्ये ठरावीक व्होल्टेज मिळवणं, त्याची गरज व्हीसीएला पडते: मायनस ५ ते प्लस ५ चा एलएफओ व्हीसीएला थेट दिला तर शून्याखालचा अख्खा अर्धा भाग व्हीसीए बंदच राहतो आणि आवाज तुटक येतो. तोच अटेन्युएटरने निम्मा करा म्हणजे मायनस २.५ ते प्लस २.५, त्यात २.५ व्होल्ट ऑफसेट मिळवा, झाला शून्य ते ५, आता आवाज गोल हेलकावे घेईल.

आता दुसरा व्हीसीए काढा. एलएफओ आधी त्या व्हीसीएमध्ये, त्याचा आउटपुट अटेन्युएटरमधून ऑसिलेटरच्या एफएमला, आणि व्हीसीएच्या सीव्हीला लांब अटॅकचा दुसरा एन्व्हलप (दुसरा नसेल तर पहिलाच मल्टिपलने वाटून द्या, थोडं कमी चालेल पण कळेल). सूर सरळ लागतो आणि टिकत गेला की मग त्यात कंपन भरत जातं. "किती" हा नॉब आता हाताने न फिरवता व्होल्टेजने फिरतोय. म्हणूनच जुनेजाणते लोक सांगतात की व्हीसीए कितीही असले तरी कमीच पडतात, आणि ते खरंय.

हाच एन्व्हलप फिल्टरच्या कटऑफला पण द्या, अटेन्युएटरसकट. आवाज मोठा होताना उजळतो आणि विझताना मंद होतो. खऱ्या वाद्यांमध्ये हे आपोआप होतं, इथे एक केबल लागते.

सातवी पायरी, सिंथला स्वतः वाजू द्या

कीबोर्ड बाजूला ठेवा. नॉइजचा, म्हणजे सतत बेशिस्त बदलणाऱ्या खरखरत्या सिग्नलचा, आउटपुट सॅम्पल अँड होल्ड नावाच्या मॉड्युलच्या इनपुटला लावा आणि क्लॉक, म्हणजे एलएफओचा स्क्वेअर चालेल, त्याच्या ट्रिगर इनपुटला. प्रत्येक ठोक्याला सॅम्पल अँड होल्ड नॉइजचं त्या क्षणीचं व्होल्टेज पकडतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत धरून ठेवतो. हे व्होल्टेज अटेन्युएटरमधून क्वांटायझरला द्या, क्वांटायझर त्याला जवळच्या सुराच्या व्होल्टेजवर नेऊन बसवतो, आणि तिथून व्हीसीओच्या पिचला. तोच क्लॉक मल्टिपलने एन्व्हलपच्या गेटला. आता सुरांची न संपणारी रांग सुरू होते. अटेन्युएटर बंद करत आणलात तर सूर एकमेकांजवळ येतात, उघडलात तर लांब उड्या मारतात. क्वांटायझरला स्केल निवडता येत असेल तर पाच सुरांचं काहीतरी निवडा, लगेच ऐकण्यासारखं होतं.

यावर क्लॉक डिव्हायडर बसवला की खरा रंग चढतो. तो क्लॉकच्या दर दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या ठोक्याला एक ठोका देतो. मूळ क्लॉक एन्व्हलपला, तिसरा सॅम्पल अँड होल्डला: म्हणजे एक सूर तीनदा वाजून बदलतो. चौथ्याने फिल्टरवरचा दुसरा एन्व्हलप सोडा, तीन आणि चार यांची गाठ दर बाराव्या ठोक्याला पडते आणि तेवढ्यातल्या तेवढ्यात केवढी विविधता येते ते बघा. इथे तासन्‌तास जातात आणि जाऊ द्यावेत.

केबल लावली नसताना आवाज येत असेल तर

सेमी-मॉड्युलर सिंथ, उदाहरणार्थ १९७१ सालचा एआरपी २६०० किंवा अलीकडचा मूगचा मदर-३२, यांच्यात एकही केबल न लावता आवाज येतो. जॅकच्या आत एक छोटा स्विच असतो, प्लग नसताना तो आतूनच जोडणी करून देतो आणि प्लग घातला की ती जोडणी तुटून तुमची केबल लागू होते. याला नॉर्मलिंग म्हणतात. शिकायला हे फार सोयीचं, कारण एका वेळी एकच जोडणी बदलून फरक ऐकता येतो. फक्त लक्षात ठेवा की केबल घालताच आधीचं काहीतरी सुटलंय, भर पडलेली नाही.

वेगवेगळ्या सिस्टिम जोडताना

१९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बॉब मूग यांनी हर्ब डॉइच या संगीतकारासोबत व्होल्टेजवर चालणाऱ्या मॉड्युल्सचं काम सुरू केलं, आणि जवळपास त्याच काळात कॅलिफोर्नियात डॉन बुकला यांनी सॅन फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरमधल्या मॉर्टन सबॉट्निक आणि रॅमन सेंडर यांच्यासाठी स्वतःची सिस्टिम बांधली. मूगने आवाज आणि हुकूम दोन्हींना सारखेच जॅक ठेवले. बुकलाने वेगळे केले, आवाजाला छोटे ऑडिओ जॅक आणि हुकूमाला बनाना जॅक. दोन्ही विचारांत दम आहे, बुकलाच्या पॅचमध्ये कुठली केबल काय नेतेय हे एका नजरेत कळतं, पण आवाजालाच हुकूम म्हणून वापरायची मोकळीक मूगच्या पद्धतीत सहज मिळते आणि मला ती जास्त मोलाची वाटते. युरोरॅकने तीच उचलली.

आज याचा व्यावहारिक अर्थ एवढाच की सगळं सगळ्याला सरळ जोडता येत नाही. बनाना केबलमध्ये ग्राउंडची वायर नसते, त्यामुळे दोन सिस्टिमचे ग्राउंड वेगळ्या वायरने जोडावे लागतात. १९७८ चा कॉर्ग एमएस-२० एक व्होल्ट प्रति ऑक्टेव्ह पाळत नाही, तो हर्ट्झ प्रति व्होल्ट पद्धतीवर चालतो, म्हणजे दर सप्तकाला व्होल्टेजच दुप्पट, तर युरोरॅकचा पिच त्याला दिला की सूर भलतीकडे जातो आणि मध्ये कन्व्हर्टर लागतो. जुन्या मूगचा ट्रिगर व्होल्टेज देत नाही, तो लाइन ग्राउंडला टेकवतो. विकत घेण्याआधी हे वाचून घ्या.

आवाजच येत नाहीये, आता काय

हे रोज होणार आहे, म्हणून शोधायची पद्धत ठरवून ठेवा. शेवटून सुरुवात करा. आउटपुट मॉड्युलमधली केबल तिथेच राहू द्या आणि तिचं दुसरं टोक एकेक पाऊल मागे न्या, व्हीसीएमधून काढून फिल्टरच्या आउटपुटला, तिथे पण शांत असेल तर थेट ऑसिलेटरला. जिथे आवाज परत आला त्याच्या पुढचं मॉड्युल दोषी. दोष बहुतेक वेळा व्हीसीएचा असतो, आणि व्हीसीएचा म्हणजे त्याला सीव्ही मिळत नाही याचा, तर एन्व्हलपचा दिवा लागतोय का बघा, नाही लागत तर गेट येत नाहीये. गेट येतोय पण आवाज नाही तर फिल्टरचा कटऑफ पूर्ण बंद असेल. अटेन्युव्हर्टर बरोबर मध्यावर राहिला असेल तर तिथून काहीच पुढे जात नाही आणि दिसताना सगळं लावलेलं दिसतं. केबल बदलून बघा, आतून तुटलेली केबल बाहेरून नवीकोरी दिसते. आणि प्लग पूर्ण आत गेलाय का ते दाबून बघा, अर्धवट बसलेल्या प्लगने नॉर्मलिंग तुटतं पण सिग्नल पोचत नाही.

आवाज येतोय पण सतत येतोय, थांबतच नाही, तर व्हीसीएचा बायस उघडा राहिलाय नाहीतर एन्व्हलपचा रिलीज खूप लांब आहे. सूर प्रत्येक ठोक्याला किंचित उशिरा बदलतोय असं वाटलं, म्हणजे आधीचा सूर क्षणभर ऐकू येऊन मग नवा लागतो, तर गेट पिचच्या आधी पोचतोय. क्वांटायझरला थोडा वेळ लागतो. बऱ्याच क्वांटायझरना सूर बदलला की ट्रिगर देणारा आउटपुट असतो, एन्व्हलप क्लॉकऐवजी त्यावर लावा, नाहीतर गेट थोडा उशिरा सोडणारं ट्रिगर डिले मॉड्युल मध्ये घाला.